डोक्यास लागलेला मार आणि रक्ताची साक्ष

सामना रंगांत आलेला असतो. दोन्ही पक्षांचे गुण जवळजवळ बरोबरीचे असतात. मैदानाच्या कडेला उभीं राहून मुलें घसा बसेपर्यंत ओरडत असतात. इतक्यांत कबड्डीच्या पकडींत म्हणा, हॉकीच्या धांवपळींत म्हणा, अगर उंच आलेला फुटबॉल डोक्यानें परतवितांना म्हणा, दोन गड्यांचीं डोकीं एकमेकांवर आदळतात. एक जण खालीं बसतो, क्षणभर डोळे मिटतो, कपाळ चोळतो, आणि कप्तान जवळ येतांच उठून म्हणतो, "कांहीं झालें नाहीं. मी खेळतों." टाळ्यांचा कडकडाट होतो आणि सामना पुढें सुरू होतो. हा प्रसंग आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेला आहे. कित्येकांनीं तो स्वतः अनुभविलाहि असेल. आम्हांस या लेखांत विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, त्या मुलास खरोखरच कांहीं झालें नाहीं, हें ठरविलें कोणीं?

ठरविलें त्या मुलानेंच. म्हणजे ज्या इंद्रियानें विचार करावयाचा, त्याच इंद्रियास मार बसला असतांना, त्याच इंद्रियाकडून आम्हीं निकाल मागितला, आणि तो आपल्या मनासारखा मिळतांच मान्य करून टाकला. अन्य कोणत्याहि व्यवहारांत अशा निवाड्यास आपण निवाडा म्हणणार नाहीं.

अलीकडे वृत्तपत्रांतून असें वाचावयास मिळतें कीं, डोक्यास मार बसल्यावर थोडेंसें रक्त घेऊन मेंदूची दुखापत ओळखण्याची युक्ति शास्त्रज्ञांस सांपडली आहे. तें वाचून सुज्ञ पालकांच्या मनांत साहजिकच येईल कीं, मग मुलाच्या शब्दावर अगर शिक्षकाच्या नजरेवर कां विसंबावें? मैदानाच्या कडेला एक यंत्र ठेवावें, रक्ताचे चार थेंब घ्यावे, आणि यंत्र सांगेल तसें करावें. ही अपेक्षा स्वाभाविक आहे. ती कितपत खरी आहे याचा विचार विद्यार्थी व पालक या दोघांनीं मिळून करावा, म्हणून आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

प्रथम या दुखापतीचें स्वरूप पाहूं. मेंदू हा कवटीच्या हाडी पेटींत एका पातळ द्रवांत तरंगत असतो. डोकें वेगानें जाऊन एकदम थांबलें, अगर झटक्यानें वळलें, म्हणजे कवटी थांबते, परंतु आंतील मऊ मेंदू त्याच क्षणीं थांबत नाहीं. तो हिसका खातो व पिळवटला जातो. या ताणानें मज्जापेशींचे बारीक तंतू ओढले जातात, पेशींच्या आंत व बाहेर होणारी क्षारांची ने-आण बिघडते, आणि मेंदूचें काम कांहीं काळ विस्कळित होतें. डोकें दुखणें, घेरी येणें, मळमळणें, प्रकाश व आवाज सहन न होणें, नुकतीच घडलेली गोष्ट न आठवणें, उत्तर देण्यास विलंब लागणें, विनाकारण चिडणें अगर रडूं येणें, हीं त्याचीं लक्षणें होत. डॉक्टर लोक यास कन्कशन म्हणतात. आम्ही येथें त्यास मेंदूचा हादरा म्हणूं. याविषयीं दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. मनुष्य बेशुद्ध पडला तरच हादरा बसला, हा पहिला. वस्तुतः हादरा बसलेल्यांपैकीं बहुतेक जण शुद्धीवरच असतात. डोक्यावरच घाव बसला पाहिजे, हा दुसरा. छातीस अगर खांद्यास जोराची धडक बसून डोक्यास हिसका बसला, तरीहि मेंदूस हादरा बसूं शकतो.

डोक्याच्या दुखापतींत दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत, आणि आपल्या आवडत्या क्रिकेटच्या इतिहासांत दोहोंचींहि उदाहरणें आहेत. सन १९६२ मध्यें भारतीय संघाचे कप्तान नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बार्बाडोस येथें चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि प्राणावर बेतलें. त्या वेळीं प्रतिपक्षाचे कप्तान फ्रँक वॉरेल यांनीं त्यांच्यासाठीं आपलें रक्त दिलें, व आपल्याकडील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर यांनींहि दिलें. ही दुखापत डोळ्यांस दिसणारी होती. तिजविषयीं कोणास संशय नव्हता.

याच्या उलट सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू बसला. ते खालीं पडले, ८० धावांवर मैदान सोडून गेले, त्यांची तपासणी झाली, तींत दोष आढळला नाहीं, आणि सुमारें पाऊण तासानें ते पुन्हां खेळावयास येऊन ९२ धावांपर्यंत पोंचले. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांचें डोकें दुखूं लागलें, आणि त्यांस उरलेल्या सामन्यांतून काढून घ्यावें लागलें. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू झालेल्या नव्या नियमानुसार मार्नस लाबुशेन त्यांच्या जागीं खेळले. कसोटी क्रिकेटमध्यें हादऱ्यामुळें बदली म्हणून उतरलेले ते पहिले खेळाडू होत. उत्तम डॉक्टर हाताशीं असतां, जगाच्या डोळ्यांदेखत बसलेला हादरा जर दुसऱ्या दिवशीं उघड होतो, तर शाळेच्या मैदानावर तो किती सहज निसटत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

मेंदूच्या हादऱ्याची मोठी अडचण ही कीं, तो चित्रांत दिसत नाहीं. सी. टी. स्कॅन या क्ष-किरणांच्या तपासणींत कवटीची भेग दिसते, आंत झालेला रक्तस्राव दिसतो; परंतु ओढले गेलेले सूक्ष्म तंतू दिसत नाहींत. म्हणून हादरा बसलेल्या बहुतेक खेळाडूंचें हें चित्र निर्दोष येतें. "स्कॅन चांगला आला, आतां काळजी नाहीं," असें आपण म्हणतों. परंतु त्याचा खरा अर्थ एवढाच कीं, मोठा रक्तस्राव नाहीं. हातांतून पडलेल्या घड्याळाची कांच फुटली नाहीं, म्हणून तें वेळ बरोबर दाखवीत असेल असें कोणी समजत नाहीं. मेंदूच्या बाबतींत मात्र आपण कांच पाहूनच समाधान मानतों.

आतां रक्ताकडे वळूं. हृदयाच्या स्नायूस इजा झाली म्हणजे ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन रक्तांत उतरतें, आणि त्यावरून हृदयविकाराचा झटका ओळखतां येतो, हें पुष्कळ पालकांस ठाऊक असेल. मेंदूसाठींहि असाच एखादा साक्षीदार मिळावा, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. मेंदूच्या पेशींस इजा झाली म्हणजे त्यांतील कांहीं प्रथिनें बाहेर झिरपतात, आणि मेंदू व रक्त यांच्यामधील सूक्ष्म पडदा ओलांडून अत्यल्प प्रमाणांत रक्तांत येतात. तीं मोजतां आलीं तर दुखापतीचा माग लागेल, अशी ही कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. प्रश्न आहे तो साक्षीदाराच्या भरंवशाचा.

पहिला साक्षीदार एस १०० बी या नांवाचा. स्कँडिनेव्हियांतील तज्ज्ञांनीं सन २०१३ मध्यें प्रौढ रुग्णांसाठीं असा नियम सुचविला कीं, डोक्यास सौम्य मार बसलेल्या कांहीं विशिष्ट रुग्णांचें रक्त सहा तासांच्या आंत घ्यावें, आणि त्यांत हें प्रथिन ठराविक मर्यादेहून कमी असल्यास सी. टी. स्कॅन करूं नये. रुग्णालयांत याचा उपयोग झाला. परंतु हें प्रथिन केवळ मेंदूंतच नसतें. तें चरबींतहि असतें, त्वचेस रंग देणाऱ्या पेशींतहि असतें. त्यामुळें डोक्यास कांहीं न होतां, केवळ दमछाक करणाऱ्या खेळानेंहि तें रक्तांत वाढतें. इतकेंच नव्हे, तर निरनिराळ्या मानववंशांच्या निरोगी माणसांत त्याचें प्रमाण निरनिराळें असतें, असें सन २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. एका देशांत ठरविलेली मर्यादा दुसऱ्या देशांतील मनुष्यास जशीच्या तशी लावूं नये, हा धडा आपण विसरतां कामा नये.

स्वीडनमध्यें बर्फावरील हॉकी खेळणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंवर एक अभ्यास झाला, तो सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला. २८८ खेळाडूंपैकीं ३५ जणांस एका हंगामांत हादरा बसला, व त्यांपैकीं २८ जणांचें रक्त वारंवार तपासण्यांत आलें. मज्जातंतूंतील टाऊ नांवाचें प्रथिन हादऱ्यानंतर पहिल्या तासांत वाढलेलें आढळलें व पुढें उतरत गेलें. परंतु हंगामापूर्वींच्या एका साध्या मैत्रीच्या सामन्यानंतर, कोणासहि हादरा बसलेला नसतां, एस १०० बी मात्र वाढलेलें दिसलें. म्हणजे जो साक्षीदार रुग्णालयांत उपयोगी पडला, तो मैदानावर गोंधळ करूं लागला.

यापुढील पाऊल अमेरिकेंत पडलें. १४ फेब्रुवारी २०१८ या दिवशीं तेथील अन्न व औषध प्रशासनानें डोक्याच्या दुखापतीसाठीं एका रक्तचाचणीस प्रथमच संमति दिली. या चाचणींत दोन प्रथिनें मोजतात. जी. एफ. ए. पी. हें मेंदूंतील आधारपेशींतून येतें, आणि यू. सी. एच. एल. १ हें मज्जापेशींतून. वृत्तपत्रांत जे मथळे आले ते मुख्यतः याच चाचणीसंबंधीं होते. म्हणून तिचे आंकडे आपण शांतपणें वाचूं. ज्या अभ्यासावर ती उभी आहे, त्यांत अमेरिका व युरोप येथील २२ ठिकाणच्या १९५९ प्रौढ रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकीं १२५ जणांच्या सी. टी. स्कॅनमध्यें दुखापत दिसली. रक्ताच्या चाचणीनें या १२५ पैकीं १२२ जण बरोबर ओळखले व तीन सोडले. ही गोष्ट खरोखर वाखाणण्यासारखी आहे. परंतु हिशेबाची दुसरी बाजूहि पहावी. चाचणीनें एकंदर १२८८ जणांस 'होय' असें उत्तर दिलें. त्यांतून १२२ वजा केले म्हणजे ११६६ उरतात. या ११६६ जणांच्या स्कॅनमध्यें कांहींच नव्हतें. चाचणीनें 'नाहीं' असें उत्तर दिलेले ६७१ जण होते, आणि त्यांपैकीं तिघांखेरीज सर्वांचा स्कॅन खरोखरच निर्दोष होता.

यावरून चाचणीचा खरा उपयोग ध्यानांत येईल. तिचें 'होय' फारसें कांहीं सांगत नाहीं. तिचें 'नाहीं' हें मोलाचें आहे. तें 'नाहीं' ऐकून डॉक्टरांनीं रुग्णास क्ष-किरणांच्या तपासणींतून, तिच्या खर्चांतून व तीमधील किरणांच्या संपर्कांतून सोडवावें, यासाठीं ती निर्माण झाली. पुढें सन २०२१ मध्यें हातांत मावणाऱ्या यंत्रावर हीच दोन प्रथिनें सुमारें पंधरा मिनिटांत मोजण्याची चाचणी मान्य झाली. त्या वेळीं रक्तांतील पेशी वेगळ्या काढून उरलेला द्रव तपासावा लागे. सन २०२४ मध्यें शिरेंतील रक्त तसेंच्या तसें वापरण्यासहि संमति मिळाली. हीं सर्व प्रगतीचीं लक्षणें आहेत, आणि आम्ही त्यांचें मनापासून स्वागत करतों.

परंतु येथेंच आमचा मुख्य मुद्दा आहे. या चाचणीस जो प्रश्न विचारला गेला तो असा: "या रुग्णाच्या कवटींत स्कॅनवर दिसण्याजोगा रक्तस्राव असण्याचा संभव आहे काय?" मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या शिक्षकाचा, आणि घरीं वाट पाहणाऱ्या आईचा प्रश्न अगदीं निराळा आहे: "या मुलाच्या मेंदूस हादरा बसला आहे काय, आणि त्यानें पुन्हां खेळावें काय?" पहिल्या प्रश्नाचें 'नाहीं' हें उत्तर दुसऱ्या प्रश्नास चिकटविणें, ही आमच्या मतें या विषयांतील सर्वांत मोठी व सर्वांत धोक्याची चूक आहे. शिवाय वरील तिन्ही संमति अठरा वर्षें व त्यापुढील वयाच्या माणसांसाठीं दिलेल्या होत्या. या अंकाचे बहुतेक वाचक त्या वयाच्या आंतले आहेत. म्हणजे ज्या मुलांसाठीं आपण ही आशा धरतों, तीं मुलें त्या संमतीच्या कक्षेंत नव्हतींच.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर रक्तांत शोधण्याचा प्रयत्न झाला नाहीं, असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयीन क्रीडासंघटना व तेथील संरक्षण खातें यांनीं मिळून सन २०१४ पासून एक मोठा अभ्यास चालविला. त्यांतील एक निबंध सन २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ५०४ खेळाडू होते: हादरा बसलेले २६४, धडकाधडकीचे खेळ खेळणारे परंतु हादरा न बसलेले १३८, आणि धडक नसलेले खेळ खेळणारे १०२. हंगामापूर्वीं घेतलेल्या रक्ताशीं नंतरच्या रक्ताची तुलना करण्यांत आली. हादरा बसलेल्यांत जी. एफ. ए. पी., यू. सी. एच. एल. १ आणि टाऊ हीं प्रथिनें वाढलेलीं दिसलीं. जे बेशुद्ध झाले होते, अगर ज्यांस मारानंतरचें आठवत नव्हतें, त्यांच्यांत फरक अधिक स्पष्ट होता. तथापि एकेका खेळाडूकडे पाहिलें असतां हादरा बसलेल्यांचे व न बसलेल्यांचे आंकडे एकमेकांत पुष्कळ मिसळलेले होते. विद्यार्थ्यांस हें एका उदाहरणानें कळेल. दहावींतील मुलांची सरासरी उंची आठवींतील मुलांहून अधिक असते, यांत शंका नाहीं. परंतु केवळ उंची सांगून, हा मुलगा कोणत्या वर्गांतला तें ओळखा म्हटलें, तर आपण वारंवार चुकूं. सरासरी खरी असते, आणि तरीहि ती एका मुलाविषयीं पुरेसें सांगत नाहीं. आणि शाळेपुढें प्रश्न असतो तो नेहमीं एकाच मुलाचा.

येथें आणखी एक अडचण आहे, व ती तर्कशास्त्राची आहे. या २६४ खेळाडूंस हादरा बसला होता, हें कशावरून ठरविलें? लक्षणें विचारून, तोल व स्मृति तपासून, जाणत्या माणसांनीं. म्हणजे रक्ताची परीक्षा घेण्यासाठीं जो माप धरला, तो माणसाच्या निर्णयाचाच होता. एखाद्या सोनाराचा तराजू दुसऱ्या तराजूशीं ताडून पाहिला, तर पहिला तराजू दुसऱ्याहून अधिक अचूक असल्याचें सिद्ध करणें कठीण जातें. हादऱ्याचें निर्विवाद माप अद्याप कोणाजवळ नाहीं. तोंपर्यंत "रक्त माणसाहून अधिक जाणतें" असें म्हणण्यास आधार अपुरा आहे. सन २०२२ मध्यें ॲम्स्टरडॅम येथें खेळांतील हादऱ्याविषयीं तज्ज्ञांची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचा निर्णय सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि रक्तचाचण्या अद्याप संशोधनाच्या कक्षेंतच ठेवाव्या, नित्याच्या वापरांत आणूं नयेत, असेंच तींत ठरलें.

काळाचाहि विचार करावा लागतो. प्रौढ रुग्णांवरील एका अभ्यासांत यू. सी. एच. एल. १ हें सुमारें आठ तासांनीं, तर जी. एफ. ए. पी. हें सुमारें वीस तासांनीं रक्तांत सर्वाधिक असल्याचें आढळलें. कबड्डीच्या मैदानावर निर्णय घ्यावयाचा असतो तो दोन मिनिटांत. साक्षीदार न्यायालयांत पोंचण्यापूर्वींच निकाल द्यावा लागावा, तशी ही स्थिति आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाहीं. कोणी म्हणेल, "तुम्ही मुलाच्या सांगण्यावर भिस्त ठेवतां, परंतु मुलें लपवितात. संघांतून वगळतील, मित्र भित्रा म्हणतील, या भीतीनें मूल खोटें बोलेल. रक्त खोटें बोलणार नाहीं." हें अक्षरशः खरें आहे, आणि रक्ताच्या चाचणीच्या बाजूनें याहून बळकट मुद्दा आम्हांस दिसत नाहीं. परंतु मूल खोटें कां बोलतें, हेंहि विचारावें. "कांहीं झालें नाहीं" म्हणून उठणाऱ्यास आपण टाळ्या देतों, आणि "मला घेरी येते" म्हणून बाहेर बसणाऱ्याकडे पाठ फिरवितों. टाळ्या आमच्या, आणि खोटेपणा मुलाचा, ही वांटणी न्यायाची नाहीं. ज्या शाळेंत हा स्वभाव बदललेला नाहीं, तेथें उद्यां उत्तम यंत्र आणून ठेवलें तरी काय होईल? यंत्रानें 'नाहीं' म्हणतांच डोकें दुखत असलेल्या मुलास तोच कप्तान म्हणेल, "रक्त चांगलें आहे, ऊठ, खेळ." आज मूल स्वतःस फसवितें, उद्यां त्या फसवणुकीस शास्त्राची मोहोर मिळेल. आम्हांस भय आहे तें याचें.

या चुकीचें मोल किती असतें, तें अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत सन २००६ मध्यें दिसून आलें. तेरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा फुटबॉलच्या सामन्यांत डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसून तो पुन्हां खेळावयास उतरला. सामना संपल्यावर तो कोसळला; मेंदूंत रक्तस्राव झाला होता. जीव वांचला, परंतु बोलणें व चालणें यांसाठीं त्यास वर्षानुवर्षें झगडावें लागलें. त्याच्याच नांवानें, लिस्टेड कायदा म्हणून, सन २००९ मध्यें त्या राज्यानें असा नियम केला कीं, ज्या मुलास हादरा बसल्याचा संशय आहे त्यास तात्काळ बाहेर काढावें, आणि योग्य वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीखेरीज त्यास परत खेळूं देऊं नये. सन २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि राज्यांत या स्वरूपाचे कायदे झाले. हे कायदे रक्ताच्या कोणत्याहि चाचणीची वाट पहात थांबले नाहींत. त्यांनीं केवळ एक साधी गोष्ट केली: संशयाचा फायदा खेळास न देतां मुलास दिला.

आमची सूचना हीच आहे. प्रत्येक शाळेनें आपल्या क्रीडानियमांत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्या. हादऱ्याचा संशय आला कीं तो खेळाडू त्या दिवसापुरता बाहेर. मग तो कप्तान असो वा अंतिम सामना असो. त्यास एकटें सोडूं नये, आणि घरीं निरोप अवश्य पाठवावा. वारंवार वांति, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेची गुंगी, झटके, एकाचीं दोन दिसणें, मान दुखणें, हातापायांस मुंग्या अगर दुर्बळता, यांपैकीं एक जरी लक्षण दिसलें तरी क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. पहिले एक-दोन दिवस साधारण विश्रांति असावी. परंतु मुलास अंधाऱ्या खोलींत कोंडूनहि ठेवूं नये. थोडें चालणें-फिरणें हितकर असतें. पुढें प्रथम अभ्यास नीट सुरू व्हावा, मग हलका व्यायाम, मग एकट्याचा सराव, आणि सर्व लक्षणें गेल्यावर व डॉक्टरांनीं सांगितल्यावरच धडकेचा खेळ. प्रत्येक पायरीस निदान एक दिवस द्यावा. बहुतेक मुलें चार आठवड्यांच्या आंत पूर्ववत् होतात. चार आठवडे हा काळ मैदानावर मोठा वाटतो. आयुष्यांत तो कांहींच नव्हे.

पालकांस आमची विनंति ही कीं, मूल सामना हरून आलें म्हणजे गुण विचारण्यापूर्वीं "कोठें लागलें काय?" हें विचारावें. आणि "लागलें" असें उत्तर आलें तर रागावूं नये. एकदां रागावलां, तर पुढील वेळीं खरें उत्तर येणार नाहीं. रुग्णालयांत डॉक्टरांनीं रक्त तपासण्यास सांगितलें तर तें अवश्य तपासावें. त्यांचा प्रश्न त्यांस ठाऊक असतो. परंतु त्या कागदास खेळण्याचा परवाना समजूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, रक्ताची ही विद्या अजून तरुण आहे. कदाचित् पुढें अशी चाचणी निघेल कीं, मेंदू पुरता भरून आला कीं नाहीं हें ती निश्चित सांगेल. आणि तो शोध तुमच्यापैकींच एखादा प्रयोगशाळेंत बसून लावील, तर आम्हांस केवढा आनंद होईल! तोंपर्यंत मात्र सर्वांत जवळचा साक्षीदार तुम्ही स्वतः आहां, आणि दुसरा साक्षीदार तुमचा सोबती आहे. मेंदू ही ईश्वरानें तुम्हांपाशीं ठेवलेली ठेव आहे. एका चषकासाठीं ती पणास लावण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. डोक्यास मार बसून घेरी येत असेल तर तसें स्पष्ट सांगा. आणि तुम्ही कप्तान असाल, व तुमचा सर्वांत चांगला गडी कपाळ चोळीत "मी खेळतों" म्हणाला, तर त्याचा हात धरून त्यास कडेला नेऊन बसवा, आणि राखीव गड्यास आंत बोलवा. त्या दिवशीं सामना हरला तरी चालेल. ईश्वर तुम्हांस तेवढें धैर्य देवो.